गाडी येईपर्यंत

तुझा खरा घोर मला ठाऊक आहे गं. प्रशिक्षणात तू तो बोलून दाखवला नाहीस, पण जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून नुसती बसून राहिलीस ना, तेव्हाच ओळखलं मी. आपण दवाखान्यात पाठवलेलं बाळ वाटेतच गेलं तर? मग गाव म्हणणार, "आशाताईनं न्यायला लावलं, घरी असतं तर राहिलं असतं." बघ, हा घोर प्रत्येकीला असतो. जुन्या आशाताई बोलत नाहीत एवढंच. मी गटप्रवर्तक झाले, केस पिकले, तरी रात्री गावात गाडीचा भोंगा वाजला की माझ्या पोटात अजून गोळा येतो.

"घाबरू नकोस" असं मी म्हणणार नाही. तसं म्हणून कुणाची भीती गेलेली मी पाहिली नाही. त्यापेक्षा ऐक. आजारी बाळ वाटेत दगावतं तेव्हा पुष्कळदा मूळ आजाराच्या जोडीला आणखी काहीतरी झालेलं असतं. ते गार पडलेलं असतं, किंवा कितीतरी वेळ त्याच्या पोटात दूध गेलेलं नसतं, नाहीतर मान छातीवर पडून श्वासाची वाट अडलेली असते. आजारावरचं औषध तुझ्या बॅगेत नाही, मान्य. पण या तिन्ही गोष्टी टाळणं तुझ्या हातात आहे, आणि त्यासाठी डॉक्टर व्हावं लागत नाही. गाडी येईपर्यंतचा वेळ आणि मग गाडीतला वेळ हा सगळा उपचाराचाच वेळ असतो. आपल्या भागात तो थोडाथोडका नसतो, हे तुला मी काय सांगू? भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की तीही वाट बंद.

आधी बाळ ओळखायचं. भेटींचे दिवस तुला पाठ आहेत: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा, आणि बाळंतपण घरी झालं असेल तर पहिलाही. त्यातल्या पहिल्या दोन भेटी कधीही चुकवू नकोस, रोवणी असो की लग्न असो. महिन्याच्या आत जी बाळं जातात त्यातली साधारण तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच जातात. धोक्याची लक्षणं तू घोकली आहेस, पण घरात पाऊल टाकलं, दहा बायका जमल्या, कुणी चहा टाकला, की तक्ता डोळ्यांपुढून पळतो. माझाही पळायचा. म्हणून मी एकाच प्रश्नापासून सुरुवात करते: काल कसं पीत होतं आणि आज कसं पितंय? काल चुरूचुरू ओढणारं बाळ आज तोंडात धरून नुसतं पडून राहत असेल, तर बाकी काही दिसो न दिसो, मी सावध होते.

आणि "लय शांत पोरगं आहे, रडतच नाही," असं आजी कौतुकानं सांगायला लागली की तू कौतुकात सामील होऊ नकोस. तळपायाला टिचकी मार. धड बाळ पाय ओढतं, तोंड वाकडं करतं, दोन शिव्या दिल्यासारखं रडतं. जे टिचकी मारूनही जेमतेम हलतं किंवा हलतच नाही, ते शांत नाही, आजारी आहे.

श्वास मोजायला पूर्ण एक मिनिट लागतं. झबलं वर कर, बाळ रडत नसताना पोटाकडे बघ आणि मोज. साठ किंवा जास्त आले तर पुन्हा एकदा मोज. दुसऱ्यांदाही तेवढेच, तर पाठवायचं. मी नवी होते तेव्हा एका घरी आजी माझ्या शेजारी बसून मोठ्यानं मोजू लागल्या. माझे साठ झाले तेव्हा त्यांचे नव्वद झाले होते, आणि कुणाचं खरं यावरून घरात दोन पक्ष पडले. तेव्हापासून मोजायच्या आधी मी सगळ्यांना एक मिनिट गप्प बसवते. बसतात गं, आपण ठामपणे सांगितलं तर.

थर्मामीटर काखेत. ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस म्हणजे ठीक, फॅरनहाइटचा असेल तर ९७.७ ते ९९.५. ३७.५ आणि वर गेलं तर ताप. पण तापाइतकंच गारव्याकडे लक्ष दे, कारण एवढ्याशा बाळाला जंतुसंसर्ग झाला की कैकदा ताप येतच नाही, उलट ते गार पडतं. ३५.५ च्या खाली म्हणजे ताबडतोब पाठवायचं. थर्मामीटर बंद पडला तर आपला हात आहेच. हाताची मागची बाजू आधी पोटाला लाव, मग तळपायाला. दोन्ही ऊबदार तर छान. पोट ऊबदार आणि पाय गार, तर बाळ गारठायला लागलंय. दोन्ही गार असतील तर वेळ घालवू नकोस.

बाकीचं भराभर सांगते, कारण यात विचार करत बसण्यासारखं काही नसतं. झटके, श्वास घेताना छातीत खोल खड्डा पडणं, पहिल्या चोवीस तासांतच आलेली कावीळ किंवा कधीही तळहात-तळपायांपर्यंत पोचलेला पिवळेपणा, हिरवी उलटी, बेंबीच्या भोवती पसरत जाणारी लाली. यातलं एक जरी दिसलं तरी "उद्या सकाळी बघू" हे वाक्य कुणाच्याही तोंडून येऊ द्यायचं नाही. कावीळ उन्हात धरून उतरते असं सांगणाऱ्या काकू प्रत्येक गावात असतात. त्यांच्याशी वाद घालू नकोस, गाडी बोलाव.

आता सगळ्यात अवघड भाग, घरच्यांना तयार करणं. त्यापुढे श्वास मोजणं म्हणजे काहीच नाही. तू बाळंतिणीशी बोलत बसतेस आणि ती मान डोलावते, पण हो म्हणायचा अधिकार तिच्याकडे असतो का? तो सासऱ्याकडे असतो, नाहीतर तेंदूपत्त्याला गेलेल्या नवऱ्याकडे, नाहीतर गावातल्या एखाद्या मानाच्या म्हाताऱ्याकडे. पहिल्याच भेटीत, बाळ ठणठणीत असताना विचारून ठेव: रात्री-बेरात्री जायची वेळ आली तर हो कोण म्हणेल? त्याचा नंबर घे. आणि त्याच्याशी तेव्हाच बोल. संकटाच्या वेळी केलेली ओळख कामाला येत नाही बघ.

पुजाऱ्याला बोलवायचं म्हणतील. बोलवू देत. मी पूर्वी तावातावानं भांडायचे, त्यात अर्धा तास जायचा आणि जिंकायचे तेच. आता म्हणते, "दोरा बांधा ना, पण गाडीत बसता बसता बांधा." पुष्कळ पुजारी ऐकतात, काही तर स्वतःच म्हणतात की हे माझ्या हातातलं नाही, न्या. मात्र पोटावर चटके देणं, धुरी, तोंडात काहीबाही घालणं, तिथं मी आडवी पडते. तूही पड.

मग येतो पैशाचा प्रश्न. तो मोठ्यानं विचारत नाहीत, "शेतीचं काम आहे" असं म्हणतात. तू आपण होऊन सांग. जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे, त्यात सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचा उपचार, औषधं, तपासण्या, रक्त लागलं तर रक्त, सगळं फुकट. घरून दवाखान्यात न्यायची गाडी, एका दवाखान्यातून दुसऱ्यात न्यायची गाडी आणि परत घरी सोडायची गाडी, तीही फुकट. आधी हे पहिल्या तीस दिवसांपुरतं होतं, पुढे वर्षभराच्या बाळापर्यंत वाढवलं. परतीच्या गाडीचं मुद्दाम सांग. "जाऊ कसेही, पण येऊ कसे?" या एका काळजीपायी माणसं अडून बसतात.

आणि काचेची भीती. "पोराला काचेत ठेवतात आणि आईला तोंडही बघू देत नाहीत." ही तक्रार अगदीच खोटी नव्हती, खरं सांगू का. पुष्कळ ठिकाणी आईला बाहेरच्या पायरीवर बसवून ठेवायचे. पण वारं बदललंय. २०२१ साली पाच देशांतल्या दवाखान्यांचा मिळून एक अभ्यास छापून आला, आपल्याकडचं दिल्लीचं सफदरजंगही त्यात होतं. एक ते पावणेदोन किलोच्या आसपासची बाळं जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवली आणि आईलाही त्याच कक्षात जागा दिली, तेव्हा अशा बाळांचे मृत्यू पाव भागानं कमी झाले. म्हणून आता आईचा पलंग बाळाच्या वॉर्मरशेजारी असलेले कक्ष उभे राहताहेत. सगळीकडे नाहीत. पण "आई, तू सोबत जाणार आहेस आणि दूधही तूच देणार आहेस," हे तू तिला सांगू शकतेस.

एवढं करूनही नाहीच म्हणाले तर? तर रागावून निघून यायचं नाही, एवढंच माझं म्हणणं. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आठव. नव्वदच्या दशकात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं ३९ गावांत बाया शिकवून तयार केल्या, कारण बहुतेक घरं आजारी बाळाला दवाखान्यात न्यायला तयारच नव्हती. त्या बायांनी घरी जाऊन बाळं तपासली, ऊब दिली, जंतुसंसर्ग झालेल्यांना इंजेक्शनं दिली. त्या गावांतले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. आज तू ज्या सहा भेटी देतेस ना, त्यांचं मूळ तिथं आहे. त्यामुळे घरच्यांनी नकार दिला तरी उपकेंद्राच्या सिस्टरला लगेच बोलाव. जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि सोबत तोंडानं अमॉक्सिसिलिन सुरू करायची परवानगी तिला आहे. रोज जा, रोज मोज, आणि रोज पुन्हा विचार. परवा नाही म्हणणारा सासरा आज स्वतः चप्पल घालून निघालेला मी पाहिलाय.

बरं, हो म्हणाले. आता १०८ लाव. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे, गाडीत डॉक्टर असतो. पहिल्यांदा मी १०८ ला फोन केला तेव्हा समोरच्या मुलीनं पत्ता विचारला, आणि मी म्हटलं, "अहो, ते मोहाचं मोठं झाड नाही का, त्याच्या पलीकडे." बिचारी दोन क्षण गप्पच झाली. तेव्हा तालुका, गाव, टोला, रस्त्यावरची ठळक खूण, आणि गाडी कुठपर्यंत येऊ शकते हे एका कागदावर लिहून बॅगेच्या झाकणाला आतून चिकटव. घाईत स्वतःच्या गावाचं नाव आठवत नाही माणसाला. रेंज कुठल्या टेकाडावर मिळते तेही लिही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या गाडीचा आणि गावातल्या जीपवाल्याचा नंबर त्याच कागदावर, कारण १०८ दुसऱ्या फेरीवर असू शकते. पूर असेल, नाला भरला असेल, तर बाळाला आईच्या छातीशी बांधून आईला खाटेवर निजवून नेतात तसं न्या. पण बाळ वेगळं आणि आई वेगळी असं कधीही नाही.

फोन झाला की सगळे दारात जाऊन रस्त्याकडे बघत बसतात. तू बसू नकोस. तुझं काम आता सुरू होतं.

ऊब. यावर मी जरा वेळ घेणार आहे, कंटाळू नकोस. भाताचं मोठं पातेलं तासभर गरम राहतं, वाटीतला भात पान वाढेपर्यंत निवतो. दोन किलोचं बाळ त्या वाटीतल्या भातासारखं असतं. अंगाच्या मानानं कातडी जास्त, चरबी कमी, डोकं मोठं, आणि थंडी वाजली तर आपल्यासारखं कुडकुडून ऊब आणताही येत नाही. अंगातली साखर आणि प्राणवायू जाळून ते ऊब टिकवायला बघतं. म्हणजे गारठलेलं बाळ नुसतं गारठलेलं नसतं, त्याची साखरही उतरत असते आणि श्वासही खालावत असतो. एकातून दुसरं निघतं.

तुला वाटेल चार दुपटी गुंडाळली की झालं. नाही गं. दुपटं ऊब तयार करत नाही, असलेली धरून ठेवतं. गार बाळाला दुपट्यात गुंडाळलं तर ते दुपट्यात गारच राहतं. ऊब द्यायला जिवंत माणूस लागतो. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली डॉ. एडगर रे यांच्या दवाखान्यात बाळं ऊबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या कमी आणि बाळं जास्त अशी गत होती, तेव्हा त्यांनी कमी दिवसांची बाळं आयांच्या उघड्या छातीशी बांधली. तेच आपलं कांगारू. आपल्या गाडीतही पेटी असेलच असं नाही, पण आई असते.

कसं करायचं ते बघ. आधी बाळ पुसून कोरडं कर, केस आणि मांड्यांच्या घड्या विसरू नकोस. ओला लंगोट बदल. आंघोळ बिलकूल नाही, कितीही तेल-राख लागलेली असो. झबलं काढ, अंगावर फक्त टोपडं, लंगोट आणि पायमोजे. आईनं पोलक्याची बटणं सोडायची आणि बाळ दोन्ही स्तनांच्या मधे उभं धरायचं, छातीला छाती. त्याचे हात वर आणि पाय बेडकासारखे फाकलेले. तोंड एका कुशीला आणि हनुवटी किंचित उचललेली. हे मी दहा वेळा सांगते, कारण हीच गोष्ट चुकते: हनुवटी छातीला टेकली तर श्वासाची वाट बंद होते, आणि मान फार मागे टाकली तरी बंद होते. नाक-तोंड तुला दिसत राहिलं पाहिजे. मग जुन्या सुती लुगड्याचा पट्टा दोघांभोवती घट्ट बांध, वरची कड बाळाच्या कानाखाली येईल अशी. त्यावर आईचा पदर, त्यावर चादर. चेहरा उघडा. मागच्या थंडीत एका घरी मी हे सगळं नीट बांधून दिलं, वळून दार लावलं, आणि परत बघते तर आजीनं मायेनं बाळाच्या तोंडावरून शाल ओढलेली! म्हणून घरातल्या सगळ्यांना सांगून ठेव. बाळाची आई झोपेनं किंवा रक्तस्रावानं गळून गेली असेल तर तेवढ्यापुरतं आजीनं, मावशीनं, बापानंही छातीशी घ्यायला हरकत नाही. बाप लाजतात सुरुवातीला. मग सोडत नाहीत.

गरम पाण्याची बाटली, तापवलेली वीट, निखाऱ्यांवर धरलेलं फडकं, हे सगळं बाजूला कर. कोवळी कातडी भाजते आणि बाळ रडायच्या स्थितीतही नसतं, त्यामुळे कुणाला कळतही नाही. शेगडीचा धूर तर नकोच.

आता दूध. बाळ ओढत असेल तर निघायच्या आधी पाजून घे. ओढत नसेल पण गिळत असेल, तर आईला स्वच्छ वाटीत दूध काढायला सांग आणि चमच्यानं किंवा बोंडल्यानं गालाच्या कोपऱ्यातून थेंबाथेंबानं दे. एक घोट गिळल्याशिवाय पुढचा नाही. घरात बोंडलं सापडलं तर उकळून घे, फळीवर वर्षभर पडलेलं असतं ते. प्रवास लांबचा असेल तर दर दोन तासांनी असंच, गाडी थांबवून. हलत्या गाडीत पाजू नकोस, ठसका लागतो. पण बाळ बेशुद्ध असेल, झटके येत असतील, धाप लागली असेल, पोट फुगलं असेल किंवा हिरवी उलटी होत असेल, तर तोंडानं एक थेंबही नाही. ते दूध पोटात न जाता छातीत जातं. अशा वेळी नळीनं काय द्यायचं, शिरेतून साखर द्यायची का, ते सिस्टर आणि डॉक्टर बघतील. तिथं रक्तातली साखर टोचून बघतात, ४५ च्या खाली असली तर लगेच उपाय करतात. मध, गुटी, साखरपाणी बोटावर चाटवणं, यातलं काही तू करायचं नाहीस आणि कुणाला करूही द्यायचं नाहीस.

जंतुसंसर्गाची शंका असेल आणि सिस्टर जवळ असेल तर निघण्याआधी पहिला डोस तिच्याकडून देऊन घे. पण त्या डोससाठी गाडी खोळंबू नये.

आईचंही बघ गं. ती चार दिवसांची ओली बाळंतीण आहे हे या गडबडीत सगळे विसरतात. तिनं खाल्लंय का? कापडं किती लागतात? पिशवीत तिची साडी, घड्या, पाण्याची बाटली, भाकरीचा डबा, बाळाची टोपडी आणि लंगोट, आधार कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड. सोबत एक जाणतं माणूस. पाच नकोत, एकच.

गाडीत बसल्यावर मात्र एक गोष्ट तू मनावर घे: ड्रायव्हरला "पळव" म्हणू नकोस. खड्ड्यांतून पळणाऱ्या गाडीत बाळाची मान सांभाळता येत नाही आणि पाच-दहा मिनिटं वाचवून काही मिळत नाही. आईला टेकून बसव किंवा निजव, पट्टा असेल तर तो लाव. थंडीत खिडक्या बंद, एसीचा गार झोत बंद. मे महिन्यात उलटं आहे, आपल्याकडे गाडी भट्टी होते. तेव्हा बाळ तापलं तर वरची चादर काढ, सावलीत गाडी थांबव. थोड्या थोड्या वेळानं तळपायाला हात लाव, ओठांचा रंग बघ, पोट हलतंय का बघ. श्वास थबकलासा वाटला तर मान सरळ कर, तळपाय चोळ, आणि डॉक्टरला सांग. त्याच्याजवळ फुग्यासारखी पिशवी असते, तिनं श्वास देता येतो. खासगी जीप असेल तर वाटेतलं सगळ्यात जवळचं आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठायचं, तिथं बाळ जरा सावरू द्यायचं आणि मग पुढं. ऑक्सिजनसाठी नातेवाईक आरडाओरडा करतात. तो किती द्यायचा हे डॉक्टरला ठरवू दे, कमी दिवसांच्या बाळाला गरजेपेक्षा जास्त दिला तर डोळ्यांना इजा होते.

आणि चिठ्ठी. कुठंही एखादं बाळ नुसतंच, कागदाशिवाय पोचतं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांचा अर्धा वेळ विचारपूस करण्यात जातो. तू लिही: जन्म कधी, कितव्या महिन्यात, वजन किती, जन्मल्याबरोबर रडलं का, शेवटचं दूध किती वाजता, लघवी-शी कधी, ताप किती होता आणि निघताना किती, श्वास किती, कुठलं इंजेक्शन किती वाजता दिलं, आईचं पाणी कधी गेलं आणि तिला ताप होता का. अक्षर वाईट असलं तरी चालेल, माझं अजून कोंबडीच्या पायासारखं आहे. आकडे मात्र स्वच्छ काढ. मग आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन करून म्हण की पुढं कळवा, वॉर्मर मोकळा आहे का विचारा. बाळाला विशेष नवजात कक्ष हवा असेल आणि वाटेतल्या दवाखान्यात तो नसेल, तर हे आधीच कळलेलं बरं. दारोदार फिरण्यात जीव जातो.

एक गोष्ट खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवी होती. बाळ पोटात असतानाच हलवता आलं तर यातलं निम्मं करावंच लागत नाही. आठव्या महिन्यात कळा सुरू झाल्या, पाणी गेलं, जुळं आहे, रक्तदाब चढलाय, अशा बाईला बाळंतपण होऊ देऊन मग चिमुकल्याला पाठवण्यापेक्षा तिलाच पाठव. पोटात बाळ ऊबदार असतं, दूधपाणी नाळेतून मिळतं, मान धरावी लागत नाही. चोविसाव्या ते चौतिसाव्या आठवड्यात लवकर बाळंतपण होणार असं वाटलं तर आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात, बारा-बारा तासांनी अशी चार. त्यानं बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. पहिलं इंजेक्शन पाठवण्याआधीच देता येतं, सिस्टरला आठवण कर. आणि नाल्यापलीकडच्या टोल्यांवरच्या गरोदर बायांना दिवस भरत आले की बाळंतपणाआधी राहायच्या माहेरघरात आणून ठेव. नाव किती गोड ठेवलंय बघ, पण बाया यायला राजी नसतात, घरी कोंबड्या कोण बघणार म्हणतात. कोंबड्यांची सोय आधी लाव. हसू नकोस, मी लावलीय.

आता तुझा तो घोर. हे सगळं नीट करूनही एखादं बाळ जाईल. जाणारच नाही असं मी तुला सांगितलं तर पहिल्याच वेळी तू काम सोडशील. तसं झालं तर दुसऱ्या दिवशी त्या घरी जा. तोंड लपवू नकोस. आईजवळ बस, तिचे स्तन दाटले असतील, त्याचं काय करायचं ते सांग, तिला ताप आहे का बघ, ती जेवली का विचार. कुणी बोललं तर ऐकून घे. आणि तिथून निघालीस की मला फोन कर, मी कामात असले तरी उचलते. काय लिहिलं होतंस, किती वाजता निघालात, हे आपण दोघी बसून बघू. दोषासाठी नाही. गाडी उशिरा आली असेल तर ते मला वर सांगायचंय, आणि त्यासाठी वेळ लिहिलेली लागते.

जे बाळ बरं होऊन येईल त्याच्या घरी, ते परतल्याबरोबर, जा. घरचे म्हणतात, "मोठ्या दवाखान्यातून आलंय, आता काय काळजी?" काळजी असते, वजन कमीच असतं. कांगारू घरीही चालू ठेवायला सांग, दिलेली औषधं आणि पुन्हा दाखवायची तारीख कार्डावर बघ. बारशाला बोलावतील, जा, जेव पोटभर.

आणि आज घरी गेल्यावर तेवढा थर्मामीटरचा सेल बघ गं. मागच्या बैठकीला तुझा उघडला तेव्हा पडदा कोराच होता. दुकानात घड्याळाचा सेल म्हणून मागितलास तर मिळेल, दोन आण. एक माझ्यासाठी.